जुना डीव्हीआर भंगारात देण्याआधी : गृहनिर्माण संस्थांच्या समित्यांना खुले पत्र

प्रति,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि व्यवस्थापन समितीचे सर्व सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था, महाराष्ट्र

स.न.वि.वि.

दिवाळीच्या तोंडावर सोसायटीचं ऑफिस झाडायला काढलं की कपाटामागून ठरलेल्या वस्तू निघतात. बंद पडलेला डीव्हीआर (सीसीटीव्हीचं चित्रण साठवणारं यंत्र), जाड पाठीचा एखादा मॉनिटर, फुगलेली यूपीएसची बॅटरी, वायरींची जुडी, गेलेल्या ट्यूबलाइटचा गठ्ठा. भंगारवाला काटा लावतो, खजिनदार 'भंगार विक्री' या नावाने रोख रक्कम जमा धरतात आणि विषय मिटतो. त्या डीव्हीआरच्या पोटात २ किंवा ४ टीबीची हार्ड डिस्क असते. यंत्र बंद पडण्याआधीचे कित्येक दिवस तिच्यावर जसेच्या तसे असतात. कोण किती वाजता घरी येतं, कोणाचं पोर शाळेतून एकटं परततं, कुठल्या म्हाताऱ्या बाई दुपारभर एकट्या असतात, सगळं.

आमची विनंती एवढीच आहे की सोसायटी जे यंत्र विकत घेते आणि जी नोंद ठेवते, त्यांचं शेवटी काय करायचं हे घेतानाच ठरवून लिहून ठेवावं. बसवण्याचा ठराव सगळ्यांकडे असतो. काढण्याचा, पुसण्याचा, कोणाच्या हातात द्यायचा याचा ठराव आम्हाला क्वचितच दिसतो.

आधी पुसण्याचं. डीव्हीआरच्या मेनूत 'एचडीडी फॉरमॅट' असं बटण असतं. दाबलं की काही सेकंदांत काम झाल्याचा संदेश येतो. काही सेकंदांत ४ टीबी पुसून होत नाही. पुसली जाते ती अनुक्रमणिका. चित्रण जागेवरच असतं आणि डेटा परत काढणाऱ्या सॉफ्टवेअरने त्यातलं बरंचसं बाहेर येतं. डिस्क खरोखर रिकामी करायची तर तिच्या कानाकोपऱ्यात शून्यं लिहावी लागतात. ती बाहेर काढा, सॅटा-यूएसबी डॉकने (सुटी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या खाचेने) संगणकाला जोडा. डीव्हीआरची मांडणी विंडोजला सहसा कळत नाही, म्हणून 'माय कॉम्प्युटर'मध्ये डिस्क दिसलीच नाही तरी ती मेली असं समजू नका. 'डिस्क मॅनेजमेंट' उघडा, जुने विभाग काढा, 'जीपीटी' (डिस्कवरच्या विभागांची नोंद ठेवायची नवी पद्धत) निवडा, पूर्ण जागेचा एकच विभाग करा आणि 'क्विक फॉरमॅट'समोरची खूण काढून मगच फॉरमॅट सुरू करा.

इथे नेमकं काय चुकतं ते सांगतो. जीपीटीऐवजी एमबीआर ही जुनी पद्धत निवडली तर विंडोजला २ टीबीच्या पुढची जागा वापरताच येत नाही. म्हणजे ४ टीबीच्या डिस्कचा अर्धा भाग न पुसता राहतो आणि पडद्यावर मात्र सगळं यशस्वी दिसतं. स्वस्त, जुन्या डॉकचंही तेच: मोठी डिस्क त्यांना छोटी दिसते. म्हणून डिस्कवरच्या चिकटपट्टीवर जेवढे टीबी लिहिलेत तेवढेच पडद्यावर दिसतात का, ते आधी बघा (विंडोज ४ टीबीला ३.६ म्हणतो, ते ठीक आहे). दुसरी चूक जास्त महागात पडते, ती म्हणजे भलतीच डिस्क पुसणं. संगणकाला त्या वेळी दुसरी कुठलीही बाहेरची डिस्क किंवा पेनड्राइव्ह लावलेला नको. सेकंदाला सरासरी १५० एमबी धरले तर ४ टीबीला साधारण साडेसात तास लागतात. संध्याकाळी लावा, सकाळी बघा. एकदा पूर्ण लिहिलं की पुरे. सात-सात वेळा पुसायचा सल्ला फार जुन्या डिस्कच्या काळातला आहे.

डिस्क फिरतच नसेल किंवा फॉरमॅट मध्येच अडकत असेल तर ड्रिल मशीनने तबकड्यांतून तीन-चार आरपार भोकं पाडा. लॅपटॉपच्या अडीच इंची डिस्कमधल्या तबकड्या काचेच्या असू शकतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा हवाच. एसएसडीचं, म्हणजे तबकड्यांऐवजी चिपवर साठवणाऱ्या डिस्कचं, गणित वेगळं आहे. तिचा कंट्रोलर काही जागा स्वतःकडे राखून ठेवतो, त्यामुळे वरून लिहिलं तरी सगळं पुसलं गेल्याची खात्री नसते. कंपनीचं 'सिक्युअर इरेज' वापरा, नाहीतर आतल्या प्रत्येक चिपमधून भोक पाडा. डिस्क जाळू नका.

हजेरीचं बोटाच्या ठशाचं यंत्र, राउटर आणि गेटवरचा मोबाइल या तीन वस्तू हमखास विसरल्या जातात. ठशाच्या यंत्रात प्रत्येक वॉचमनचा आणि सफाई कामगाराचा टेम्प्लेट, म्हणजे ठशाचा नमुना, साठवलेला असतो. पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही. ते यंत्र देण्याआधी मेनूतून सगळे वापरकर्ते काढा आणि मग फॅक्टरी रीसेट करा.

आता कोणाला द्यायचं. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांतल्या 'मोठ्या ग्राहका'च्या व्याख्येत बसायला वर्षभरात किमान १,००० उपकरणं वापरात लागतात. सोसायटी त्यात येत नाही, आणि इथेच समित्या हात झटकतात. पण ज्याला माल देता त्याच्यावर बंधन आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी नसताना ई-कचऱ्याचा व्यवसाय करता येत नाही. नोंदणी चारच प्रकारांत होते: निर्माता, उत्पादक, नूतनीकरण करणारा आणि पुनर्चक्रण करणारा. जुन्या २०१६ च्या नियमांतल्या 'संकलन केंद्र' किंवा 'डिसमँटलर' (यंत्रं सुटी करणारा) परवानगीची लॅमिनेट केलेली प्रत कोणी दाखवली तर तेवढ्यावर जाऊ नका. पुनर्चक्रण करणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा आणि पोर्टलवर ताडून बघा. पावतीवर वस्तूंची यादी, वजन, तारीख आणि तो क्रमांक हवा. टेम्पोवर हिरवं पान रंगवलेलं असणं म्हणजे नोंदणी नव्हे.

बॅटरीच्या बाबतीत तर पळवाटच नाही. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ थेट ग्राहकावर जबाबदारी टाकतात: वापरलेली बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि संकलन, नूतनीकरण किंवा पुनर्चक्रण करणाऱ्यालाच द्यायची. यूपीएसमधल्या १२ व्होल्ट ७ एएच बॅटरीत शिसं आणि गंधकाम्ल असतं. ती आडवी टाकून वर सामान रचू नका. मोबाइल, टॅब, ई-स्कूटर यांची लिथियम बॅटरी फुगली असेल तर टोकांना इन्शुलेशन टेप लावा, वाळूच्या लोखंडी बादलीत ठेवा आणि जिन्याखाली किंवा मीटर रूममध्ये चुकूनही ठेवू नका. ओल्या-सुक्या कचऱ्याच्या गाडीत ती दाबली गेली की आतले थर एकमेकांना टेकतात आणि गाडीच पेटते. ट्यूबलाइटमध्ये पारा थोडाच असतो, पण नळी फुटली की तो हवेत जातो. जुन्या खोक्यात उभ्या ठेवा.

भंगारवाल्याला खलनायक करायचा आमचा हेतू नाही. कागद, पत्रा, बाटल्या त्याच्याइतक्या नीट कोणी उचलत नाही. पण डीव्हीआरचा बोर्ड ज्या माणसाच्या हाती शेवटी पोचतो तो तांब्यासाठी वायरीचं पीव्हीसी उघड्यावर जाळतो, सोन्याच्या मुलाम्यासाठी बोर्ड आम्लात बुडवतो, तेही हातमोज्यांशिवाय. किलोमागे मिळणाऱ्या चार पैशांत त्याच्या फुप्फुसाची किंमत धरलेली नसते.

भंगार कमी व्हावं म्हणून एक गोष्ट. कॅमेरा रात्रीच बंद पडतो, दिवसा चालतो, ही तक्रार आली की नवी संपूर्ण यंत्रणा बसवायचं कोटेशन पुढे येतं. रात्री इन्फ्रारेड दिवे लागले की कॅमेरा जास्त करंट ओढतो. १२ व्होल्टचा एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) थकलेला असेल किंवा वायर तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर कॅमेऱ्यापाशी व्होल्टेज पडतं. रात्री कॅमेऱ्याच्या टोकाला मल्टीमीटर लावायला सांगा. ११ च्या खाली आकडा दिसला तर दोष बहुधा पुरवठ्याचा, कॅमेऱ्याचा नाही. पावसाळ्यानंतर चित्रात आडव्या रेघा आल्या तर आधी केबलच्या टोकाचा बीएनसी जोड उघडून गंज बघा. हे तपासल्याशिवाय सोळा कॅमेरे भंगारात काढू नका.

मग चित्रण किती दिवस ठेवायचं? सभेत 'महिनाभर' असं ठरतं आणि डिस्क ४ टीबीची घेतली जाते. हिशोब करून बघा. २ मेगापिक्सेलचा कॅमेरा एच.२६४ वर (चित्रण दाबून साठवायची पद्धत) ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटने, चालला तर दिवसाला ४३ जीबी खातो. सोळा कॅमेऱ्यांचे झाले ६९१ जीबी. ४ टीबी सहा दिवसांतच भरते आणि त्यानंतर जुनं पुसून नवं लिहिलं जातं. चोरी झाल्याचं आठव्या दिवशी कळलं तर हाती काही लागत नाही, आणि समितीला वाटत असतं महिनाभराचं आहे. एच.२६५ ही कमी जागा घेणारी नवी पद्धत निवडा. फाटक आणि पार्किंगच्या चार कॅमेऱ्यांना ३ एमबीपीएस द्या, जिने आणि गच्चीच्या बाराला १ एमबीपीएस आणि सेकंदाला १५ फ्रेम पुरतात. तेव्हा दिवसाला सुमारे २६० जीबी होतात आणि ८ टीबीत तीस दिवस जेमतेम बसतात. हालचाल झाली तरच चित्रण हा पर्याय चांगला आहे, फक्त भिंगासमोरचं कोळ्याचं जाळं महिन्यातून एकदा काढत जा. रात्री इन्फ्रारेड प्रकाशात ते चमकतं आणि रात्रभर 'हालचाल' नोंदवत राहतं.

घड्याळाकडे कोणी बघत नाही. डीव्हीआरमधला सीआर२०३२ सेल संपला की वीज गेल्यावर तारीख मागे जाते. चुकलेल्या वेळेचं चित्रण कोर्टात समोरचा वकील पहिल्याच प्रश्नात पाडतो. एनटीपी (इंटरनेटवरून घड्याळ आपोआप जुळवणारी सोय) चालू करा, महिन्यातून एकदा मोबाइलच्या घड्याळाशी ताडून नोंदवहीत सही करा.

पुराव्याचा विषय निघालाच आहे तर जालन्याची आठवण द्यावी लागेल. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज वेळेत दाखल झाला की नाही, हा वाद निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या व्हिडिओवर येऊन ठेपला. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये स्पष्ट केलं की मूळ यंत्र हजर न करता प्रत द्यायची असेल तर प्रमाणपत्र लागतंच. १ जुलै २०२४ पासून हाच विषय भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग असतात. भाग अ यंत्राचा ताबा असलेल्याने भरायचा, म्हणजे बहुधा सचिवांनी. भाग ब तज्ज्ञाने. दोन्हींत फाइलची हॅश किंमत, म्हणजे फाइलमधल्या मजकुरावरून निघणारा तिचा ओळख-आकडा, लिहायची असते. विंडोजमध्ये त्यासाठी 'सर्टयुटिल' ही आज्ञा मुळातच आहे. पर्याय म्हणून एसएचए२५६ निवडा. फाइल डीव्हीआरच्या मूळ स्वरूपात उतरवा आणि सोबत कंपनीचा प्लेअरही घ्या. हॅश काढल्यावर फाइलला कात्री लावू नका. एक सेकंद कापला तरी हॅश बदलते.

याउलट प्रत्यक्षात काय होतं? वॉचमन मॉनिटरचं मोबाइलवर चित्रण करतो, ते कमिटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जातं, तिथून सदस्यांच्या, तिथून शेजारच्या सोसायटीच्या. पुरावा म्हणून त्याची किंमत जवळपास शून्य, आणि ज्याच्यावर संशय घेतला त्याची अब्रू मात्र तासाभरात जाते. बहुतेक वेळा तो माणूस कुरिअरचा असतो किंवा घरकाम करणारी बाई. चित्रण दोन जणांच्या उपस्थितीतच बघावं, कोणी कशासाठी बघितलं याची नोंद व्हावी, आणि बाहेर द्यायचं ते पोलिसांच्या लेखी मागणीवर. कॅमेऱ्याच्या टप्प्यात कोणाचं दार किंवा खिडकी येत असेल तर मेनूतल्या 'प्रायव्हसी मास्क'ने तेवढा चौकोन काळा करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि त्यावरून होणारी वर्षानुवर्षांची भांडणं त्यात संपतात. डीव्हीआरचा पासवर्ड अजून कारखान्यातला असेल तर तो आजच बदला, राउटरमधलं यूपीएनपी (इंटरनेटवरून आत यायची वाट आपोआप उघडणारी सोय) बंद करा. २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रामने जगभरातले असेच कारखान्याच्या पासवर्डवर चालणारे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इंटरनेटचा मोठा भाग पाडला होता. नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या संस्थेच्या चाचणीचं प्रमाणपत्र कोटेशनसोबतच मागा.

गेटवरच्या अ‍ॅपबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण कॅमेऱ्यापेक्षा ते जास्त जाणतं.

पूर्वी नोंदवहीत पाहुणा नाव-नंबर लिहायचा आणि पुढचा पाहुणा तो वाचायचा. ते वाईटच होतं. अ‍ॅपने ते झाकलं, पण दुसरंच उघडलं. घरकामाच्या ताईंचा फोटो, फोन, त्या कुठल्या-कुठल्या फ्लॅटमध्ये काम करतात, प्रत्येक दिवशीची आत-बाहेरची मिनिटं आणि वर सदस्यांनी दिलेले तारे. चौथ्या मजल्यावरच्या घराने ५०३ मध्ये त्या किती वेळ थांबल्या हे बघावं, याला सुरक्षेशी काही देणंघेणं नाही. सात मिनिटं उशिरा आल्याचा पुरावा मालकाच्या मोबाइलवर असतो. रोज अर्धा तास जास्त थांबल्याचा पुरावाही त्याच अ‍ॅपमध्ये असतो, पण तो त्यांना दिसत नाही. तारे कमी पडले तर कोणी आणि का दिले हे विचारायची सोय नसते. महाराष्ट्राने २००८ मध्ये घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. त्याच राज्यात एका सोसायटीच्या सेटिंगमधल्या एका खुणेवर बाईची चार घरं सुटू शकतात. रेटिंग बंद करा. हजेरी फक्त त्या-त्या घरालाच दिसेल असं ठेवा आणि ताईंनी मागितली तर महिन्याची हजेरी छापून द्या. बहुतेक अ‍ॅपमध्ये अ‍ॅडमिनला या गोष्टी बदलता येतात. अ‍ॅपवाला 'होत नाही' म्हणाला तर ते लेखी मागा, बऱ्याचदा मग होतं.

पोलिस पडताळणीसाठी घेतलेल्या आधारच्या झेरॉक्स ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये वर्षानुवर्षं पडून असतात. यूआयडीएआयच्या संकेतस्थळावरून 'मास्क्ड' आधार उतरवता येतं. त्यात पहिले आठ अंक झाकलेले असतात. तेच घ्या. आधारच्या प्रती अ‍ॅपमध्ये चढवू नका. खासगी संस्थांना करारावर आधार पडताळणी करू देणारा कलम ५७ मधला भाग सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्येच रद्द केला आहे.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि मुख्य जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी, मे २०२७ पासून लागू होतील. 'हे कंपन्यांसाठी आहे, आमचं घरगुती काम' हा बचाव चालणार नाही. घरगुती वापराची सूट व्यक्तीला आहे, नोंदणीकृत संस्थेला नाही. माहिती कशासाठी घ्यायची हे जो ठरवतो तो 'डेटा फिड्युशिअरी', म्हणजे इथे सोसायटी. अ‍ॅपवाल्याकडून गळती झाली तरी जबाबदारी सोसायटीची राहते, करारात काहीही लिहिलेलं असो. सुरक्षेत कसूर झाल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. एवढा दंड कोणा सोसायटीला बसेल असं म्हणून आम्ही घाबरवत नाही, पण अ‍ॅपवाल्याशी केलेला करार एकदा काढून वाचा. बऱ्याच ठिकाणी करारच नसतो, 'मान्य आहे' या बटणावर सचिवांचं बोट असतं.

संमती घेण्याआधी द्यायची सूचना संविधानाच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत मिळण्याचा हक्क या कायद्यात आहे. मराठीत सूचना मागा. ज्या वॉचमनकडून आणि ताईंकडून माहिती घेता त्यांना इंग्रजीतली अडीच पानं दाखवून सही घेणं म्हणजे संमती नव्हे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते. मुलांच्या येण्या-जाण्याची नोंद करणारी सोय सरसकट चालू ठेवू नका. नियमांत नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट आहे. गेटच्या नोंदी वर्षभर ठेवा आणि मग पुसा. सीसीटीव्हीच्या तीस दिवसांना ही अट कशी लावायची, याचं उत्तर मे २०२७ च्या आत वकिलाकडून लेखी घ्या. 'आय' आणि 'जे' नमुन्यातल्या सभासद नोंदवह्या वेगळ्या. त्या सहकार कायद्याने ठेवायलाच लागतात, त्यांना हात लावायचा नाही.

आणि अ‍ॅप बदलताना जुन्या कंपनीला विसरू नका. वर्गणी बंद केली म्हणून तिच्या सर्व्हरवरची चार वर्षांची ये-जा पुसली जात नाही. सोसायटीचा डेटा उतरवून घ्या, पुसल्याचं पत्र मागा, आणि शेवटचं बिल ते पत्र हाती आल्यावरच चुकतं करा.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत होते. तिथे मांडता येईल असा मसुदा देत आहोत, आपल्या सोयीने शब्द बदलावेत:

"संस्थेच्या मालकीचे कोणतेही साठवण असलेले यंत्र संस्थेबाहेर देण्यापूर्वी ते पूर्णपणे पुसून वा भोके पाडून निकामी करण्यात यावे व त्याची नोंद अनुक्रमांकासह दोन समिती सदस्यांच्या सहीने ठेवावी. ई-कचरा व बॅटऱ्या केवळ नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्यास पावती घेऊन द्याव्यात. त्यापोटी मिळणारी रक्कम भंगारभावापेक्षा कमी असल्यास सभेची त्यास मान्यता आहे. सीसीटीव्ही चित्रण ३० दिवस व प्रवेशद्वारावरील नोंदी १ वर्ष ठेवून पुसाव्यात. पोलिसांनी लेखी मागितलेले चित्रण प्रकरण संपेपर्यंत वेगळे जतन करावे. घरकाम करणाऱ्या व्यक्तींचे मूल्यांकन अ‍ॅपवर करण्यात येऊ नये."

'भंगारभावापेक्षा कमी' हे शब्द गाळू नका. पुढच्या वर्षी लेखापरीक्षणात कोणीतरी विचारणारच की चारशे रुपयांचा माल दीडशेला का दिला, आणि तेव्हा खजिनदारांना एकट्याने उत्तर द्यावं लागू नये.

कळावे,
आपले,
सीसीटीव्ही, संगणक आणि ई-कचऱ्याच्या कामातले काही तंत्रज्ञ